मॉरिशसची पत

मादागास्करच्या पूर्वेस, ज्वालामुखीच्या उद्रेकातून समुद्रावर आलेल्या मॉरिशस देशाचे क्षेत्रफळ, रॉड्रिग्ज आदी दूरची बेटे जमेस धरूनही, सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम चतुर्थांश भरते. त्याच्या पोटात लोखंड नाही, कोळसा नाही, खनिज तेल नाही. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. असे असता भारतात येणाऱ्या परकीय भांडवलाच्या तक्त्यात या देशाचे नाव कित्येक वर्षे अग्रस्थानी झळकत राहिले. हा सारा कराच्या सवलतीचा प्रताप, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. कारण कर माफ करणारी बेटे जगात पुष्कळ आहेत, परंतु ज्यांच्या न्यायालयावर, दप्तरावर आणि सत्तांतराच्या रीतीवर परका सावकार निःशंकपणे विसंबतो, अशी फार थोडी.

या विश्वासाचे मूळ इतिहासात आहे. १५९८ मध्ये आलेले डच ऊस लावून आणि डोडो पक्ष्याचा निर्वंश करून १७१० मध्ये निघून गेले; १७१५ पासून फ्रेंचांचा अंमल सुरू झाला आणि १७३५ मध्ये आलेल्या लाबुर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुईसचे बंदर नावारूपास आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, परंतु शरणागतीच्या तहात रहिवाशांचा धर्म, कायदे व चालीरीती कायम ठेवण्याचे वचन दिले. या वचनामुळे मालमत्ता व वारसा यांचे दिवाणी व्यवहार आजही फ्रेंच संहितेच्या वळणाने चालतात, कंपन्यांचा कारभार इंग्रजी परंपरेने चालतो, आणि देश १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाला तरी अखेरचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. स्वाभिमानाच्या दृष्टीने हे कोणाला खटकेल. परंतु करार मोडल्यास दाद कोठे लागेल हे ज्याला आधी पाहायचे असते, त्या भांडवलदाराला यासारखी हमी दुसरी नाही.

माणसांची घडणही अशीच मिश्र आहे. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांची जहाजे येऊ लागली. जवळजवळ साडेचार लाख स्त्रीपुरुष या मार्गाने उतरले. त्यांच्या नोंदी जेथे झाल्या तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा मानला जातो. बहुसंख्य भोजपुरी मुलखातले. परंतु मुंबई बंदरातून निघालेल्यांत आपल्या कोकणातली व घाटावरची माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या ओठी आज घरात क्रिओल असते. तथापि गणेश चतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते आणि आपल्या जाखडीशी नाते सांगणारी झाकरी नाचली जाते. महाशिवरात्र, ईद, चिनी नववर्ष व नाताळ हेही त्याच सरकारी पंचांगात आहेत. कचेरीत इंग्रजी, वृत्तपत्रांत फ्रेंच, घरी क्रिओल, असा व्यवहार तेथील सामान्य कारकुनाच्याही अंगवळणी पडलेला असतो.

हे सौहार्द आयते मिळालेले नाही. १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी, हिवतापाच्या निर्मूलनानंतर झपाट्याने वाढणाऱ्या प्रजेला एकटा ऊस पोसू शकणार नाही असे पाहून, देशाचे भवितव्य अंधारे वर्तविले होते. १२ मार्च १९६८ च्या स्वातंत्र्याच्या तोंडावर जातीय दंगली झाल्या. तरीही पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी विरोधकांना सत्तेत वाटा दिला, १९७० मध्ये निर्यातक्षेत्राचा कायदा केला, हाँगकाँगच्या कापड कारखानदारांना बोलावले आणि युरोपात साखरेला मिळालेल्या चढ्या भावाचा पैसा देशातच गुंतवला. १९८२ मध्ये विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठही जागा जिंकल्या, तेव्हा हाच वृद्ध नेता मुकाट्याने पायउतार झाला. कोणत्याही करसवलतीपेक्षा ही घटना मला अधिक मोलाची वाटते.

त्याच वर्षी भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. समभाग विकून होणाऱ्या नफ्यावर विक्रेता ज्या देशाचा रहिवासी त्याच देशाने कर घ्यावा, असे त्यात ठरले. आणि मॉरिशसमध्ये असा कर मुळी नव्हताच. १९९१ नंतर भारताने दारे उघडली, १९९२ मध्ये मॉरिशसने परदेशी व्यवहारांच्या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि अमेरिका-युरोपातील पैसा पोर्ट लुईसमध्ये नोंदवलेल्या कंपनीच्या नावे मुंबईच्या शेअर बाजारात येऊ लागला. भारतातूनच गेलेला पैसा या वाटेने परत येतो, हा आक्षेप रास्त होता, आणि आपल्या महसुलाची त्यात झालेली हानी मी नाकारणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ही व्यवस्था वैध ठरवली खरी. पण १० मे २०१६ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांच्या नफ्यावर कर आकारण्याचा हक्क भारताकडे आला.

सवलत आटली, तरी देश ओस पडला नाही. पैशाच्या अफरातफरीवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये त्याला संशयितांच्या यादीत टाकले, तेव्हा कायदे कडक करून ऑक्टोबर २०२१ मध्ये तो तिच्यातून बाहेर पडला. त्याच वर्षी भारताशी नवा व्यापक आर्थिक करारही अमलात आला. आता त्याची दृष्टी आफ्रिकेत जाऊ पाहणाऱ्या भांडवलाकडे आणि सुमारे २३ लाख चौरस किलोमीटरच्या आपल्या सागरी क्षेत्राकडे आहे. हा सागर किती नाजूक आहे हे जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढून त्याचे तेल आग्नेय किनाऱ्यावर पसरले, तेव्हा दिसले. त्या वेळी हजारो नागरिकांनी, सरकारची वाट न पाहता, उसाचा पाचोळा कापडात भरून तेल अडवणारे तरते बांध स्वतः शिवले.