ऑक्सिजनच्या धडकेत जिरलेली धार

मेडशीच्या शिवारात सोयाबीनवर फवारणी करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: पीक दाटलं की पंपाची धार पलीकडच्या तासापर्यंत पोचत नाही, पानांतच जिरते. जिनिव्हाजवळ जमिनीखालच्या २७ किलोमीटर घेराच्या एलएचसी यंत्रात अशीच जिरलेली धार मोजतात. फक्त तिथलं पीक डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी उगवतं आणि विरूनही जातं.

शिशाची दोन अणुकेंद्रं जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं आदळली की त्यांतले प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळतात आणि त्यांच्या आतल्या क्वार्क आणि ग्लुऑन कणांचा क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा तयार होतो. त्याच धडकेत एखादी क्वार्कजोडी जोरात टकरून विरुद्ध दिशांना सुटते. प्रत्येक क्वार्कमागे कणांचा झोत निघतो, त्याला जेट म्हणतात. प्लाझ्मातून वाट काढताना जेटची ऊर्जा घटते, हे जेट क्वेंचिंग. जेम्स ब्यॉर्केन यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली. २००० नंतर अमेरिकेत ब्रुकहेवनला सोन्याच्या धडकांत ती खरी ठरली आणि २०१० मध्ये एलएचसीत शिशाच्या धडकांतही दिसली.

खरं कोडं लहान धडकांचं. प्रोटॉन शिशावर आदळला तरी कण एका लयीत वाहताना दिसतात, म्हणजे प्लाझ्माची एक खूण हजर. जेट मात्र मंदावलेलं सापडेना. मोजणीतच एक अडचण होती. धडक समोरासमोर झाली की कडेनं, हे निघालेल्या कणांच्या संख्येवरून ठरवायचं. पण जेटमुळे ती संख्याच बदलते. चाळणीच चाळल्या जाणाऱ्या धान्यानं वाकडी व्हावी, तसं हे. त्यामुळे छोटा परिणाम खरा की निवडीचा दोष, हे सांगणं अवघड.

जुलै २०२५ मध्ये एलएचसीत ऑक्सिजनवर ऑक्सिजन आदळवला. शिशात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन, ऑक्सिजनमध्ये १६. सीएमएस प्रयोगानं या वेळी चाळणी बाजूलाच ठेवली. धडकांची प्रतवारी न करता सगळ्या एकत्र घेतल्या आणि तितक्याच ऊर्जेच्या प्रोटॉन-प्रोटॉन धडकांशी तुलना केली. ऊर्जा घटलीच नसती, तर दोन्हींतल्या जोरकस कणांच्या संख्येचं, धडकेच्या आकाराचा हिशेब धरून काढलेलं गुणोत्तर १ च्या आसपास राहिलं असतं. ते घसरून सुमारे ०.६९ पर्यंत खाली आलं. ऊर्जा घटते असं मानणारी गणितं या आकड्यांशी अधिक जुळतात. मला यातलं मोठेपण यंत्राच्या आकारापेक्षा प्रश्न विचारण्याच्या रीतीत दिसतं.

या धडकांतल्या कणांची नोंद घेतली सीएमएसच्या आतल्या सिलिकॉनच्या ट्रॅकरनं. पण सीएमएसच्या अंगावर मुंबईची मोहोरही आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं (टीआयएफआर) त्याच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. ते चुंबकाच्या वेटोळ्यापलीकडे बसतं. आतल्या कॅलरीमीटरमधून निसटलेली ऊर्जा तिथं पकडली जाते, म्हणजे जेटचा हिशेब अपुरा राहत नाही. त्याच्या फरश्या एक सेंटिमीटर जाडीच्या, प्लास्टिक सिंटिलेटरच्या. कण आत शिरला की निळसर चमक उठते. फरशीच्या खाचेत बसवलेला बारीक तंतू ती शोषून हिरवा प्रकाश देतो आणि तोच संवेदकापर्यंत जातो. हजारो तंतू असे नीट बसवायचे, हे हाताचं आणि चिकाटीचं काम. आयसर पुणेही सीएमएसमध्ये आहे आणि आयआयटी मुंबई एलएचसीवरच्याच अ‍ॅलिस प्रयोगात.

मेडशीवरून वाशीम, हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यानं पुढं औंढा नागनाथला गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. मूलभूत विज्ञान इतकं जवळ येतंय. इथल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींनी तोवर थांबू नये. सीएमएसनं २०१० आणि २०११ मधल्या शिशाच्या धडकांची माहिती एलएचसी चालवणाऱ्या सर्न संस्थेच्या खुल्या संग्रहात ठेवली आहे. ती बघायला पैसे पडत नाहीत. शाळेच्या संगणकावर एकदा उघडून बघा.