खोडाला सहा कडा

सकाळी साडेसहा. नोव्हेंबरात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर वाजत असतात, त्यामुळे कळंबात गजर लागतो कशाला! खुरपं, हातभिंग आणि रद्दी घेऊन मी माळावर. कुसळं वाळलीत, पायजम्यात घुसली की दिवसभर टोचतात.

सात. बांधावरच्या बाभळीखाली रान किराईत फुललंय. शास्त्रीय नाव डायक्लिप्टेरा पॅनिक्युलाटा. मेंढरं घेऊन निघालेले तात्या थांबले. "सर, हे तर बांधाबांधाला हाय. कशाला नेताय?"

"म्हणूनच नेतोय, तात्या." साधं झाड नीट माहीत नसेल, तर वेगळं झाड समोर येऊनही कळत नाही.

खोड बोटांत फिरवलं की सहा कडा लागतात. फूल गुलाबी, दोन ओठांचं. नळी स्वतःभोवती अर्धा पीळ घेते, म्हणून खालचा ओठ वर आणि वरचा खाली. पुंकेसर दोन. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो इथेच टिपायचा. झाड मुळासकट उपटलं. काही फुलं अल्कोहोलच्या बाटलीत टाकली.

नऊ ते एक कॉलेज. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दोन वाजता सूक्ष्मदर्शक. परागकोशाचे दोन कप्पे शेजारीशेजारी नाहीत, एकावर एक आहेत. जवळच्याच हायपोएस्टिसमध्ये कप्पा एकच, म्हणजे ते बाद. मग फळ. पक्कं बोंड फुटताना बिया धरणारा भाग बुडापासून झटक्यात सुटला, तर तो डायक्लिप्टेरा. नाही सुटला, तर पेरिस्ट्रोफी. जुनी पुस्तकं अशी विभागणी करत. रान किराईत त्यांत पेरिस्ट्रोफीच होतं. पुढे डीएनएच्या पुराव्यावर दोन्ही गण एक झाले. फळ पाहायची सवय मात्र मी सोडलेली नाही.

चार. एम.एस्सी.ची मुलगी माळावरचं वीतभर झाड घेऊन आली. "सर, नवीन आहे!" डोळे चमकत होते. खोड फिरवायला सांगितलं. सहा कडा. हिरमुसली बिचारी. तिला तळेगाव दाभाडेची गोष्ट सांगितली. आदित्य धारप यांना तिथल्या गवताळ माळावर याच गणातलं एक झाड सापडलं. त्याची फुलं कणसासारख्या तुऱ्यात येतात. भारतातल्या दुसऱ्या कुठल्याच डायक्लिप्टेरात तसं नाही, सर्वांत जवळचा भाऊबंद थेट आफ्रिकेत. आणखी अडचण अशी, की ते दोनदा फुलतं: पावसाळ्यानंतर एकदा, आणि माळ जळल्यावर मे-जूनमध्ये पुन्हा, पण तेव्हा लाकडी बुंध्यातून खुजे कोंब काढून. एखाद्याने त्याच्या दोन जाती केल्या असत्या. आघारकर संशोधन संस्थेच्या मंदार दातार यांच्यासोबत वर्णन झालं, लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या इयान डार्बीशायर यांनी खातरजमा केली, आणि 2024 मध्ये 'डायक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा' हे नाव जाहीर झालं. पॉलिमॉर्फा म्हणजे बहुरूपी; नाव चपखल.

"मग ठेंगणं झाड म्हणजे नवीन नाहीच?" तिने विचारलं.

"ठेंगणं कशामुळे, ते आधी सांग." जागेवर जाऊन बघ म्हटलं. मेंढरांनी खुडलंय, की मुरूम उथळ आहे?

सहा. झाडं दाबून वाळवायच्या प्रेसमधली रद्दी बदलली; ओली राहिली की बुरशी धरते. लेबल: कळंब, ता. इंदापूर, बांध, मुरमाड जमीन, फूल गुलाबी.

सात. तात्यांना फोन. उन्हाळ्यात आपला माळ पेटतोच. कुठला पट्टा जळाला ते त्याच दिवशी कळवा म्हटलं.

"जळल्यालं बघायला येणार व्हय?" तात्या हसले. "कळवतो की."