वीट झालेला राऊटर

बिनतारी लहरींनीं घरभर इंटरनेट पुरविणारी जी लहानशी पेटी असते, तिला राऊटर म्हणतात. तिला चालविणारी आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, बदलतांना मध्येंच वीज गेली, किंवा भलत्याच नमुन्याची फाइल आंत गेली, कीं पेटी मुकी होते. दिवा लागतो, पण हाकेला उत्तर नाहीं. अशा राऊटरची 'वीट झाली' असें जाणते लोक म्हणतात. दुकानदार 'नवा घ्या' म्हणून मोकळा होतो. त्याचें काय जातें! परंतु ही वीट पुष्कळदां वीट नसतेच.

उदाहरणादाखल लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी घेऊं. तो २००२ सालच्या अखेरीस बाजारांत आला. त्याची आज्ञावली लिनक्सवर उभारलेली होती. लिनक्सच्या परवान्याप्रमाणें तिचा मूळ मजकूर खुला करणें भाग असल्यामुळें कंपनीनें तो २००३ सालीं प्रसिद्ध केला, आणि त्यांतूनच २००४ सालीं ओपनडब्ल्यूआरटी हा उपक्रम निघाला. हौशी लोकांनीं आपापल्या पेट्यांत नव्या आज्ञावल्या भरल्या, आणि अर्थातच कित्येकांच्या विटाही झाल्या.

या पेटींत फ्लॅश नांवाची चिप असते. आरंभींच्या आवृत्त्यांत ती ४ मेगाबाइटची होती. तिच्या अगदीं पहिल्या भागांत बूटलोडर राहतो. घरांत सर्वांआधीं उठून इतरांना हाक मारणाऱ्या वडील माणसासारखें याचें काम. तो फर्मवेअरची बेरीज जुळते कीं नाहीं हें तपासतो. ती न जुळल्यास फर्मवेअर चालवीत नाहीं, तर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर नव्या फाइलची वाट पाहत बसतो. पॉवरचा दिवा सारखा लुकलुकणें हें बहुधा याचेंच लक्षण. फर्मवेअर बदलतांना या पहिल्या भागाला सहसा हात लागत नाहीं, आणि सारी आशा येथेंच आहे.

आतां कृति. संगणकाचें वायफाय बंद करून तो तारेनें राऊटरच्या चार घरगुती खांचांपैकीं एकीला जोडावा. इंटरनेटच्या निराळ्या खांचेला नव्हे. पत्ते वाटण्याचें काम फर्मवेअर करतें, आणि तेंच निजलेलें असल्यामुळें संगणकाला पत्ता आपणच द्यावा लागतो : १९२.१६८.१.१०, आणि मास्क २५५.२५५.२५५.०. मग राऊटरला पिंग करून पाहावें. उत्तरांत टीटीएलचा आंकडा १०० आला तर बूटलोडर बोलत आहे; ६४ आला तर लिनक्स चालूं झालें आहे. १०० दिसल्यावर टीएफटीपीनें योग्य नमुन्याची फाइल बायनरी पद्धतीनें पाठवावी. ही रीत फाइलचे ५१२ बाइटांचे तुकडे करते, आणि एकाची पोंच आल्याखेरीज दुसरा तुकडा पाठवीत नाहीं.

कांहीं वेळां बूटलोडर अवघे कांहीं सेकंदच थांबतो. अशा वेळीं पाठविण्याची आज्ञा आधीं सुरू करावी आणि मग राऊटरला वीज द्यावी.

फाइल गेल्यावर मात्र स्वस्थ बसावें! ती चिपवर लिहिण्यास वेळ लागतो. पांच मिनिटें तरी वीज काढूं नये. उतावळ्या माणसांनीं येथेंच दुसऱ्यांदा विटा केल्या आहेत.

एवढ्यानेंही न जमल्यास पेटी उघडून सीरियल तारा जोडतां येतात. तेथें विजेचा दाब ३.३ व्होल्टचा असतो. संगणकाच्या जुन्या सीरियल खांचेला सरळ जोडल्यास पेटी खरोखरच जळते. बूटलोडरच पुसला गेला असेल तर जेटॅगचा मार्ग उरतो, पण तें काम जाणत्या कारागिराचें. चिपच्या दोन पिना सुईनें जोडण्याची युक्ति कांहीं धाडसी लोक सांगतात. घरगुती माणसानें ती करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

हे आंकडे सर्वत्र चालतील असें मात्र धरूं नये. टीपी-लिंकच्या कांहीं नमुन्यांत तर प्रकार उलटा आहे : रीसेटचें बटण दाबून धरून वीज दिली कीं राऊटरच १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरील संगणकाकडे ठराविक नांवाची फाइल मागतो. म्हणून पेटीखालच्या चिठ्ठीवरील नमुना आणि आवृत्ति आधीं लिहून घ्यावी, आणि मगच फाइल शोधावी.