मिसळीचं गोत्र

इंदुरात सकाळी वाफेवरचे पोहे घ्यावेत. वर शेव, कांदा, जिरावण पडतं. मागितली तर हरभऱ्याची उसळही. पोहे मराठ्यांबरोबर माळव्यात आले असं मानतात, जिरावण मात्र अस्सल तिथलं. पुण्या-नाशकाकडे उसळीवर फरसाण पडलं की बशीचं नाव 'मिसळ' होतं. इंदूरकर मात्र 'उसळ पोहे' म्हणतात, दोन्ही जिन्नस नावातही वेगळे राखून.

'मिसळ' हा शब्द संस्कृत 'मिश्र', प्राकृत 'मिस्स' या वाटेने आपल्याकडे आला. लॅटिनमधलं 'मिस्केरे' म्हणजे मिसळणं, तेही याच हिंद-युरोपीय मुळाचं, आणि त्यावरूनच इंग्रजीत 'मिसेलनी', म्हणजे नाना प्रकारच्या लेखनाचा संग्रह, हा शब्द झाला. कटाची तर्री आणि कवितांचा संग्रह अशी एका कुळातली निघतात! हिंदी कचेरीतली 'मिसिल', म्हणजे खटल्याच्या कागदांचा गठ्ठा, ऐकायला जवळची वाटते; पण ती अरबी 'मिस्ल'वरून आलेली, परक्या घरची.

अशा संग्रहांना नावं द्यायला माणसं स्वयंपाकघरात नाहीतर गोठ्यात शिरली आहेत. रोमन कवी जुव्हेनालने आपल्या पुस्तकातल्या ऐवजाला 'फरागो' म्हटलं. मूळ अर्थ गुरांचं मिश्र वैरणधान्य. फ्रेंच 'पोपुरी' ही एका स्पॅनिश रश्शाच्या नावाची शब्दशः नक्कल, अर्थ 'कुजकं भांडं'. मराठीनेही खिचडी, भेळ, कडबोळं यांना लेखनात आणलं. पण सगळ्यांत गोड शब्द 'काला'. त्याचं 'कालवणं'शी नातं आहे, आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाल्याशिवाय वारी पुरी होत नाही. घराघरांतल्या शिदोऱ्या तिथे एक होतात.

संस्कृत वळणाच्या पंडितांनी मात्र 'संकीर्ण' आणि 'प्रकीर्ण' हे शब्द पसंत केले. दोन्हींत 'कॄ' धातू आहे, अर्थ विखुरणं. भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'च्या तिसऱ्या कांडालाही 'प्रकीर्णक' म्हणतात. थोर ग्रंथाला ते शोभतं. मासिकाच्या अनुक्रमणिकेत 'संकीर्ण' वाचलं की उरलंसुरलं कोपऱ्यात लोटल्यासारखं वाटतं. लेखकाने जीव ओतून लिहिलेल्या स्फुटावर हा अन्याय आहे.

असाच एक संग्रह म्हणजे दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, कविता, लेख, चित्रं एका वेष्टनात घरी येतात. इंदूरने मराठी साहित्य संमेलन 1917, 1935 आणि 2001 साली भरवलं. महाराष्ट्राबाहेरच्या या शहराला असे अंक जवळचे वाटले तर नवल नाही.

आणि 'भेसळ'? कानाला ती मिसळीची जुळी बहीण, पण तिथे एक जिन्नस दुसऱ्याच्या आड लपतो. मिसळीत मटकी मटकी राहते, शेव शेव. मराठी घरात मोहरी, हळद, हिंग, जिरं ठेवण्याच्या डब्याला 'मिसळणाचा डबा' म्हणतात. नाव मिसळणाचं, पण आत प्रत्येकाची वाटी वेगळी; फोडणीची वेळ होईपर्यंत हळद जिऱ्यात जात नाही.