अशनीतील ऑक्सिजन आणि लघुग्रहांचे कूळ

प्रस्तावना

सिल्वासा परिसरात दमणगंगेच्या पात्रात दिसणारा काळा कातळ हा बेसॉल्ट होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसापासून तो तयार झाला. २० जून १९९६ रोजी राजस्थानातील पिपलिया कलां येथे आकाशातून पडलेला दगडही बेसॉल्टच आहे. पायरॉक्सीन आणि प्लॅजिओक्लेज ही दोहोंतील मुख्य खनिजे. असा दगड पृथ्वीचा नव्हे, आणि तो अमुक एका लघुग्रहाचा आहे, हे कशावरून ठरवावे? याचे उत्तर बव्हंशी खनिजांतील ऑक्सिजन देतो. ते कसे आणि किती खात्रीने, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऑक्सिजनचे तीन समस्थानिक

ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूत ८ प्रोटॉन असतात. न्यूट्रॉन मात्र ८, ९ किंवा १० असतात. त्यानुसार ऑक्सिजन-१६, १७ व १८ असे तीन स्थिर समस्थानिक होतात. पृथ्वीवर त्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ९९.७६, ०.०४ व ०.२० टक्के आहे.

बाष्पीभवन, स्फटिकीभवन अशा क्रियांत हे प्रमाण किंचित बदलते. पण तो बदल वस्तुमानानुसार होतो. ऑक्सिजन-१८ दर हजारी १० ने वाढला, तर ऑक्सिजन-१७ सुमारे ५.२ ने वाढतो. त्यामुळे आलेखावर पृथ्वीवरील खडक आणि पाणी एकाच रेषेवर येतात.

१९६९ साली मेक्सिकोत अयेंदे ही अशनी पडली. १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट क्लेटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातील पांढऱ्या कणांचे मापन केले असता ते या रेषेपासून दूर आढळले. त्यांत ऑक्सिजन-१६ अधिक होता. यावरून ज्या तेजोमेघातून सूर्यमाला जन्मली, त्यात ऑक्सिजनचे मिश्रण सर्वत्र सारखे नव्हते, असे दिसून आले. म्हणजेच ज्या ठिकाणच्या द्रव्यापासून एखादा पिंड बनला, त्याची खूण त्याच्या खनिजांत उरते.

अशनींचे गट आणि त्यांचे पिंड

पिपलिया कलांची अशनी युक्राइट गटातील आहे. हा गट पृथ्वीच्या रेषेखाली दर हजारी सुमारे ०.२४ ने येतो. फरक अल्प असला तरी तो निश्चित आहे. या गटाचा वर्णपट व्हेस्टा या लघुग्रहाशी जुळतो. २०११-१२ मध्ये डॉन यानाने व्हेस्टाभोवती फिरून केलेल्या निरीक्षणांनी या नात्याला बळकटी दिली.

२२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे पडलेल्या अशनी एल-६ या प्रकारच्या, म्हणजे सामान्य कॉन्ड्राइट आहेत. अशा अशनींचे एच, एल आणि एलएल हे तीन गट पृथ्वीच्या रेषेच्या वर अनुक्रमे सुमारे ०.७, १.१ व १.३ इतके येतात. त्यामुळे ते एकाहून अधिक पिंडांचे तुकडे असावेत, असे मानले जाते. जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये इटोकावा या लघुग्रहावरील कण आणले. त्यांतील ऑक्सिजन व खनिजे एलएल गटाशी जुळली. अशनी आणि लघुग्रह यांचे नाते अशा रीतीने प्रत्यक्ष नमुन्यावरून सिद्ध झाले.

पद्धतीची मर्यादा

१७ ऑगस्ट २०२२ रोजी उत्तर गुजरातेतील दियोदर येथे पडलेली अशनी ऑब्राइट या दुर्मिळ प्रकारची असल्याचे अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी दाखवले. भारतात यापूर्वीची ऑब्राइट १८५२ साली बस्ती येथे पडली होती. ऑब्राइट गटाचे ऑक्सिजन-प्रमाण जवळजवळ पृथ्वीच्याच रेषेवर येते. चंद्रावरील खडकांचेही तसेच आहे. म्हणून ऑक्सिजन जुळला म्हणजे दोन दगड एकाच पिंडाचे, असा निष्कर्ष काढता येत नाही; कदाचित ते सारख्याच द्रव्यापासून वेगवेगळे बनलेले असतील. अशा वेळी खनिजे, इतर मूलद्रव्यांचे समस्थानिक आणि अवकाशातील किरणांच्या खुणा यांचाही आधार घ्यावा लागतो.

समारोप

ऑक्सिजनचा पुरावा नाते नाकारण्यास बळकट आहे. नाते सिद्ध करण्यास मात्र तो एकटा पुरेसा नाही. हा भेद ध्यानात ठेवूनच लघुग्रहांच्या उगमाविषयीची विधाने वाचावीत. उद्या आपल्या भागात असा दगड पडलाच, तर तो न धुता, न फोडता, कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवून प्रशासनामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे द्यावा. बाहेरचे पाणी व माती खनिजांत मुरली, तर त्या दगडाची मूळ ओळख पुसट होते.