एका अंकाचे नाटक आणि एक जैन मुनी

एकांकिका म्हटली की मराठी माणसाला महाविद्यालयीन स्पर्धा आणि पुण्याचा पुरुषोत्तम करंडक आठवतो. हा प्रकार पश्चिमेकडून आला, अशीच अनेकांची समजूत असते. आजच्या एकांकिकेवर पाश्चात्त्य संस्कार आहेत, हे खरेच. तथापि एकाच अंकात संपणारे नाटक भरतमुनींनाही ठाऊक होते. त्यांनी सांगितलेल्या दहा रूपकांपैकी भाण, वीथी, व्यायोग हे प्रकार एकअंकीच आहेत.

यांतील व्यायोग एका जैन मुनीने लिहावा, याचे नवल वाटते. व्यायोगाचे कथानक एका दिवसाचे, स्त्रीपात्रे थोडी आणि संघर्ष अटळ. मात्र तो स्त्रीच्या निमित्ताने घडता कामा नये, असा दंडक. 12व्या शतकात गुजरातेत होऊन गेलेले रामचंद्रसूरी हे हेमचंद्राचार्यांचे शिष्य. अहिंसेचे महाव्रत घेतलेल्या या साधूने युद्धाचे नाटक कशासाठी लिहिले असेल? त्यांच्या 'निर्भयभीम' व्यायोगाचा विषयच त्याचे उत्तर देतो. येथे भीम राज्यासाठी लढत नाही. बकासुराच्या तोंडी जाणाऱ्या परक्या जीवाला तो वाचवतो. अभयदानाची महती लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला ही निवड परकी वाटणार नाही.

रामचंद्रसूरी नुसते नाटककार नव्हते. गुणचंद्रांसमवेत त्यांनी 'नाट्यदर्पण' हा शास्त्रग्रंथ रचला आणि त्यात मोठे धाडस केले. सर्व रस आनंदरूपच, हे अभिनवगुप्तांचे मत पंडितांत मान्यता पावलेले असताना, करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे रस दुःखरूप आहेत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मग प्रेक्षक रडायला का जातो? कवीच्या आणि नटाच्या कौशल्याने तो मोहून जातो, हे त्यांचे एक उत्तर. दुसरे अधिक रुचकर आहे: पन्ह्यासारख्या पेयात तिखटपणामुळे गोडी खुलते, तसे दुःखाच्या चवीने सुख खुलते. स्वयंपाकघरातला हा दाखला शेकडो पानांच्या वादाहून पटकन पटतो.

कुमारपालानंतर गादीवर आलेल्या अजयपालाने त्यांचा छळ करून अंत घडविला, असे मेरुतुंगाचार्यांच्या 'प्रबंधचिंतामणी'त सांगितले आहे. ग्रंथ मात्र टिकला. 1929 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापला गेला. विशाखदत्ताचे 'देवीचंद्रगुप्तम्' हे नाटक आज संपूर्ण मिळत नाही. त्याचे काही उतारे अभ्यासकांच्या हाती आले, ते या मुनींनी उदाहरणादाखल दिले म्हणून.