रेडिएटर, खारा वारा आणि विहिरीचे पाणी

गणपती वा मे महिन्याच्या सुटीसाठी घाट उतरून मालवणास आलेली गाडी येताना क्वचितच तक्रार करते. तक्रार होते ती परतीच्या प्रवासात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचावर आहे. सावंतवाडीकडून तो चढ चढताना, किंवा फोंडा घाटात एखाद्या मालमोटारीच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना, इंजिनावर ताण पूर्ण असतो आणि समोरून येणारा वारा मात्र नाममात्र. आठवडाभर खळ्यात थेंब थेंब गळत राहिलेला कूलंट मग आपला हिशेब मागतो. तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो, बॉनेटखालून वाफ येते आणि मालक पाण्याच्या बाटलीकडे धावतो. खरे पाहता ही गळती मालवणच्या अंगणातच शोधून बहुतांशी तेथेच दुरुस्त करता आली असती.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. अशा गाडीचे नाक बुटके, जाळी अरुंद आणि बॉनेटखालची जागा इतकी आखूड की गरम हवेला बाहेर पडण्यास वाट कमी. सिंधुदुर्गच्या शेजारी, गोव्यात, गेल्या शतकाच्या अखेरीपासून काही वर्षे 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी तयार होत असे, हे अनेकांना आठवत असेल. फायबरचे अंग आणि रेनो कंपनीचे ११४९ सीसीचे इंजिन अशी तिची रचना होती. फायबरच्या अंगाला गंज चढत नाही, ही किनारपट्टीत मोठीच सोय. परंतु तिचा रेडिएटर, नळ्यांच्या क्लिपा आणि इंजिनाचे हेड धातूचेच. त्यातून गाडीचे उत्पादन कधीच थांबलेले. त्याच कुळातले इंजिन युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांना होते, त्यामुळे काही सुटे भाग त्या वाटेने मिळवता येतात. मात्र इंजिन एकदा भरपूर तापून हेड वाकले, तर अशा दुर्मीळ गाडीचा मुक्काम गॅरेजात किती काळ लांबेल हे सांगणे कठीण. दोनशे रुपयांच्या नळीकडे दुर्लक्ष करून हा प्रसंग ओढवून घेऊ नये.

कूलंटचे कार्य समजून घेतले की दुरुस्तीतील निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात. साधे पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. इथिलिन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळले की उत्कलनबिंदू सात-आठ अंशांनी वाढतो. शिवाय रेडिएटरचे झाकण हे नुसते बूच नसून दाब धरून ठेवणारी झडप आहे. त्या दाबाखाली मिश्रण १२५ अंशांच्याही पुढे द्रवरूप राहू शकते. म्हणजे गळतीमुळे केवळ द्रव कमी होत नाही, दाबही जातो, आणि उरलेला द्रव लवकर उकळतो. गरम इंजिनावर झाकण का उघडू नये, याचे उत्तरही येथेच आहे. झाकण फिरताच दाब एकदम नाहीसा होतो आणि आतील द्रवाची क्षणार्धात वाफ होऊन ती चेहऱ्यावर व हातांवर येते. इंजिन बंद करून दोन-तीन तास गेल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. याला अपवाद नाही.

आता गळती शोधण्याविषयी. खरे कौशल्य याच कामाचे, नळी बदलणे त्या मानाने सोपे. गाडीखाली ओल दिसली की ती कूलंटचीच असे मानू नये. मालवणच्या दमट हवेत वातानुकूलन यंत्रातून बरेच पाणी ठिबकते. ते रंगहीन, गंधहीन असते आणि त्याची काळजी नको. कूलंट हिरवा, गुलाबी वा नारिंगी असतो, बोटांना किंचित बुळबुळीत लागतो आणि गरम झाल्यावर त्याला गोडसर वास येतो. चाखून मात्र पाहू नये. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवावीत (आमच्या मजकुराचा हा एक निर्विवाद उपयोग) आणि सकाळी डाग कोठे पडला ते पाहावे. डागाच्या बरोबर वर गळती असेलच असे नाही, कारण द्रव नळीच्या अंगाने ओघळून सर्वांत खालच्या जागी ठिबकतो. त्यामुळे डागापासून वर वर शोध घ्यावा. सांध्याभोवती वाळलेल्या कूलंटची पांढरट-हिरवट खरपुडी दिसली की बहुधा तोच चोर.

नळ्यांची टोके आणि त्यांवरील क्लिपा हे पहिले संशयित. नळी थंड असताना दाबून पाहावी. बोटाखाली कुरकुरली, बारीक भेगा दिसल्या किंवा टोकाजवळ ती फुगलेली असेल, तर बदलावी. त्यानंतर रेडिएटरचा ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लॅस्टिकच्या टाक्या जेथे जोडल्या आहेत ती शिवण पाहावी. पुढे पाण्याचा पंप, ज्याला गॅरेजात 'वॉटर बॉडी' म्हणतात. त्याचे सील गेले की खालच्या लहान छिद्रातून थेंब येऊ लागतात. पायाखालचा गालिचा ओला असून काचेवर चिकट वाफ धरत असेल, तर हीटरच्या बाजूची गळती समजावी. काहीच सापडत नसेल तर हातपंपासारखे दाबमापक रेडिएटरच्या तोंडावर लावून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात. काटा खाली येऊ लागला की गळती आहे हे निश्चित, आणि थंड इंजिनावरच ती फवाऱ्याच्या रूपात दिसते. हे साधन पुष्कळ गॅरेजांत असते. बाहेर कोठेच थेंब नाही, पण पातळी घटते, धुराड्यातून पांढरा धूर येतो, इंजिन ऑइल दुधाळ झाले आहे, अशी लक्षणे असल्यास हेड गॅसकेट गेले असण्याचा संभव फार. ते काम अंगणातले नव्हे. गाडी चालवूही नये, उचलून न्यावी.

नळी बदलण्यासाठी गाडी उचलावी लागली, तर येथे एक स्थानिक सावधगिरीची सूचना. घराभोवती जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात, आणि टेकू म्हणून तेच चाकाजवळ सरकवण्याचा मोह होतो. जांभा सच्छिद्र असतो. भिंतीत पसरलेला भार तो पिढ्यान् पिढ्या पेलतो, पण एका बिंदूवर पडलेल्या भाराखाली अचानक दुभंगू शकतो. गाडीखाली शिरायचे तर लोखंडी स्टँडच हवेत, आणि मातीच्या खळ्यात ते रुतू नयेत म्हणून त्यांच्याखाली जाड फळी हवी. एवढी तयारी नसेल तर वरच्या बाजूने हात पोहोचेल तेवढेच काम करावे.

द्रव रुंद टबात काढून घ्यावा. क्लिप सैल केल्यावर जुनी नळी मुखाला चिकटून बसलेली असते. ती स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू गेल्यास प्लॅस्टिकचे मुख तुटते आणि नळीचे काम रेडिएटरवर जाते. नळी टाकूनच द्यायची असल्याने धारदार पात्याने तिला उभा छेद द्यावा, म्हणजे ती सोलल्यासारखी सुटते. मुखावरची खरपुडी बारीक पॉलिश पेपरने काढावी. नवी नळी पूर्ण आत बसवून क्लिप मुखावरील उंचवट्याच्या पलीकडे, म्हणजे आतल्या बाजूस येईल अशी आवळावी. क्लिप स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी, साधी क्लिप खाऱ्या हवेत लवकर गंजते. देवबागसारख्या, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

भरताना काय भरावे, हा कोकणात वादाचा विषय. सिंधुदुर्ग किल्ल्यात चहूबाजूंनी समुद्र असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे, आणि आपल्या विहिरीच्या पाण्याविषयी मालवणी माणसाला अभिमान असतो. तो रास्तच आहे. पण जिभेला गोड लागणारे पाणी रेडिएटरला मानवेलच असे नाही. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, खाडीलगतच्या विहिरी तर उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि त्यातील क्लोराइड ॲल्युमिनियमला आतून खाते. घाटात अडकल्यावर मिळेल ते पाणी ओतणे क्षम्य आहे, पण घरी पोहोचताच ते काढून टाकावे. एरवी बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला कूलंट निम्मे-निम्मे घ्यावा. रंग पाहून कूलंट निवडू नये. रंग कंपनीगणिक बदलतात आणि दोन भिन्न जातींच्या मिश्रणातून साका धरू शकतो.

हळदीविषयीही दोन शब्द. बारीक छिद्रावर उपाय म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची चालकांची जुनी रीत आहे. ती अंधश्रद्धा नव्हे, हळदीचे कण छिद्रात अडकून ते काही काळ बुजते. परंतु हेच कण रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नलिकांतही अडकतात. एम-सीलचा लेपही याच जातीचा. आडवाटेवरून कुडाळ वा कणकवलीच्या गॅरेजापर्यंत पोहोचण्यापुरते हे उपाय ठीक, त्यांवर आंबोलीचा चढ चढू नये.

द्रव भरल्यावर आत अडकलेली हवा काढणे अत्यावश्यक असते, कारण हवेच्या बुडबुड्यापाशी हेड थंड होत नाही. काही गाड्यांना यासाठी लहान स्क्रू असतो. नसल्यास थंड इंजिनावर झाकण उघडे ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन मंद चालू ठेवावे. बुडबुडे थांबून पातळी उतरली की भर घालावी. थर्मोस्टॅट उघडला की वरची नळी गरम होते. द्रव वर चढू लागताच, पंखा सुरू होण्याची वाट न पाहता, झाकण बसवावे. पुढील दोन-तीन दिवस रोज सकाळी इंजिन थंड असताना पातळी पाहावी.

टबात काढलेला जुना कूलंट मात्र माडाच्या आळ्यात ओतू नये. इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात. थोड्या प्रमाणातही ते त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, आणि मुलांनाही तोच धोका. सच्छिद्र जांभ्यातून जमिनीवर ओतलेले झिरपून जवळच्या विहिरीकडे जाऊ शकते. झाकण असलेल्या कॅनमध्ये तो भरावा, वर ठळक अक्षरांत 'विष' असे लिहावे आणि पुढील सर्व्हिसिंगच्या वेळी तो शहरातील वर्कशॉपमध्ये नेऊन द्यावा. जमिनीवर सांडलेले थेंब फडक्याने पुसून तेथे भरपूर पाणी ओतावे, तोपर्यंत कुत्रे बांधून ठेवावे.